एक बेट, दोन नगराध्यक्ष

१२ सप्टेंबर २०१०, रविवार

कायदा झाला म्हणजे झालाच. आज चर्चमधून बाहेर पडताना सगळ्यांच्या तोंडी एकच नाव — कालिक्रातिस. कायद्याला माणसाचं नाव दिलंय, त्यामुळे शिव्या द्यायला सोपं. नव्या वर्षापासून बेटावर एकच नगरपालिका. वरच्या गावाची वेगळी नाही, बंदराची वेगळी नाही. एक कचेरी, एक शिक्का, एक खुर्ची.

आत्ता खुर्च्या दोन आहेत. वरच्या गावाच्या खुर्चीवर माझा नवरा थेमेलिस, बंदराच्या खुर्चीवर माझा भाऊ नोमिकोस.

जेवताना थेमेलिसला विचारलं, आता काय? त्यानं पाव मोडला, तेलात बुडवला.

"काय म्हणजे? उभा राहणार."

"आणि नोमिकोस?"

"तोही राहील."

"आणि मी?"

"तू कशाला उभी राहतेस? बस की," म्हणाला आणि हसला.

हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

१४ सप्टेंबर

नोमिकोसचा फोन. "ताई, एक पान लिहून दे. शाळेत शिकवायचीस ना बेटाचा इतिहास, तसंच. फक्त आपल्या बाजूनं. बंदर आधी वसलं असं."

म्हटलं, बंदर आधी वसलेलं नाही. चाच्यांच्या भीतीनं शेकडो वर्षं खाली कुणी झोपायलासुद्धा थांबत नव्हतं. अख्खं बेट वर डोंगरावर राहायचं.

"मग लिही की नंतर वसलं पण जास्त चांगलं वसलं."

आपल्या बाजूनं! माझी बाजू कुठली? जन्म बंदरातला, संसार वरच्या गावात. खाली गेले की मी 'वरची', वर आले की 'खालची'. इतकी वर्षं झाली तरी.

थेमेलिसनं काहीच लिहून मागितलं नाही. ते जास्त टोचलं.

२१ सप्टेंबर

पान लिहायचं नव्हतंच, पण विषय डोक्यातून जात नाही. तुर्कांच्या वेळी बेटाची एकच पंचमंडळी होती. सुलतानाला ठरलेली रक्कम पाठवायची, बाकी कारभार आपला आपण. इटालियन आले तेव्हाही बेट एकच. त्यांनी वरून एक माणूस आणून बसवला, सगळ्यांनी मिळून त्याला त्रास दिला. मग अठ्ठेचाळीस साली ग्रीस आला. ज्याची इतकी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली तो दिवस. आणि त्याच वर्षी बेटाचे दोन तुकडे झाले.

का?

पोरांना मी 'प्रशासकीय सोयीसाठी' असं शिकवायचे. कारण मला माहीत नव्हतं.

आज विचारत फिरले. कॉफीवाला स्ताव्रिनोस म्हणाला, पाण्यावरून. वरच्या झऱ्याचं पाणी बंदराला द्यायचं नव्हतं. चर्चमध्ये मेणबत्त्या लावणारी म्हातारी म्हणाली, छे, संताची मूर्ती मिरवायला खाली नेली ती परत दिली नाही. तिचा नवरा म्हणाला, शेळी. कसली शेळी? ते त्याला आठवत नाही, पण शेळी.

कारण प्रत्येकाचं वेगळं. राग मात्र सगळ्यांचा सारखा.

तेव्हा बंदराचे पुढारी माझे बाबा होते आणि वरच्या गावाचे पुढारी थेमेलिसचे वडील. दोघं पुढे आयुष्यभर एकमेकांशी बोलले नाहीत. माझ्या लग्नाला बाबा आले नाहीत. आई एकटी डोंगर चढून आली, डोक्यावर पावाची टोपली घेऊन.

५ ऑक्टोबर, मंगळवार

थेमेलिस पुन्हा मासेमारीला गेला. दर मंगळवारी सकाळी आयामारिनाच्या खाडीकडे होडी काढतो, दुपारी परत. मासा एक नाही. विचारलं तर म्हणतो, "समुद्र रिकामा झालाय."

स्ताव्रिनोसचा जावई तिथूनच पाटी भरून आणतो.

बाई असेल? या वयात? निवडणूक तोंडावर असताना?

लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. राहू दे.

१३ ऑक्टोबर

आजचा दिवस नीट लिहायला हवा. उद्या मलाच पटणार नाही.

पॅनेलमध्ये एक तृतीयांश बायका असल्याच पाहिजेत असा नियम. वरच्या गावात पुरुषांना शेजारणींची नावं आठवतात, पण त्या उभ्या राहायला तयार नाहीत. सकाळी थेमेलिस म्हणाला, "सेवास्ती, एक नाव कमी पडतंय."

"मग?"

"तुझं नाव चालेल."

चालेल! दुपारी नोमिकोस. "ताई, तुझं नाव घातलंय हां. आईलाही आवडेल." विचारलंसुद्धा नाही, घातलंच.

दोघांनाही नाही म्हटलं. एकाला घरात, एकाला फोनवर. मग डोकं चढलं म्हणून गोळी आणायला फार्मसीत गेले. फार्मसी वळणावर आहे, वर जाणारा रस्ता जिथे फुटतो तिथे. अर्गिरोची फार्मसी ना यांची ना त्यांची. ती मूळची मुख्य भूमीवरच्या व्होलोस शहराची. इथल्या माणसाशी लग्न करून आली, पुढे नवरा निघून गेला, ही राहिली. ती तिसरं पॅनेल काढतेय हे ऐकून होते.

गोळी देता देता म्हणाली, "बाई, माझ्याकडे उलटंच झालंय. बायका भरपूर, पुरुष मिळेनात. पण तुम्ही आलात तर लोक जरा गांभीर्यानं घेतील."

"मला तुमचा जाहीरनामाही माहीत नाही."

"मलाही अजून नीट माहीत नाही. दवाखान्यात डॉक्टर टिकावा, बोट वेळेवर यावी. एवढंच."

मी सही केली.

१४ ऑक्टोबर

हे मी काय केलं!

थेमेलिसला सांगितलं. वाटलं, भांडी आपटेल. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, "फार छान केलंस." नोमिकोसनं फोन ठेवून दिला.

माझ्या भावाला राग आला ते कळलं. नवऱ्याला का आला नाही?

२० ऑक्टोबर

आज थेमेलिसची सभा. स्ताव्रिनोसच्या कॉफीच्या दुकानात, खुर्च्या बाहेरपर्यंत. एक जण उठला, "आमच्या गल्लीचं गटार कधी होणार?"

थेमेलिस म्हणाला, "होणार नाही."

विचारणारा अजून उभाच होता.

"आठ वर्षं झालं नाही, आता कुठून होणार? अथेन्सकडे पैसे नाहीत. जो कुणी करतो म्हणेल तो थापा मारतोय. मीही मागच्या वेळी मारली होती. त्यापेक्षा बंदराचा माणूस निवडा. निदान बोटीतून उतरणारा अधिकारी त्याला आधी भेटतो."

हा माणूस टेबलावर मूठ आपटून मतं मागायचा. वरच्या गावाचं नाव घेतलं की याचा आवाज चढायचा. आजारी आहे का? डॉक्टरांनी मला न सांगता काही सांगितलंय का याला?

पण लोकांनी टाळ्या वाजवल्या! मागे कुणीतरी म्हणालं, "आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलणारा पुढारी पाहिला." स्ताव्रिनोस टेबल पुसता पुसता मला म्हणाला, "वहिनी, असाच बोलत राहिला तर निवडून यायचा."

थेमेलिस घरी येताना चिंतेत दिसला. टाळ्या पडल्यावर चिंता?

२८ ऑक्टोबर

राष्ट्रीय दिन. शाळेतल्या पोरांचं संचलन, निळे-पांढरे झेंडे, मग युद्धात गेलेल्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र. स्मारक दोन्ही गावांना एकच, वळणावर. दरवर्षी दोघं नगराध्यक्ष बरोबरीनं पुढे जातात, बरोबरीनं वाकतात. एवढी एकच गोष्ट बेटावर आजवर सुरळीत होती.

आज थेमेलिस एक पाऊल आधी निघाला. नोमिकोसनं त्याचं कोपर धरलं.

"कुठे घाई?"

"आमच्या डोंगरात लपून लढले ते. आधी आमचं चक्र."

"आणि त्यांना रात्रीचं धान्य कुणी पोचवलं? तुमच्या गाढवांनी?"

"गाढवं आमचीच होती. माणसं तुमची होती म्हणून ओळखायला वेळ लागायचा."

अख्खं बेट ऐकत होतं. बंदराची माणसं हुर्यो करायला लागली, वरची शिट्ट्या मारायला. पोरांच्या हातात झेंडे तसेच. पाद्रीबाबांनी शेवटी दोन्ही चक्रं स्वतःच्या हातांनी ठेवली.

मी अर्गिरोच्या शेजारी उभी. ती म्हणाली, "बाई, हे दोघं असे नव्हते ना?" नव्हते. बारशाला, कुणी गेलं की स्मरणप्रार्थनेला एकमेकांशेजारी बसायचे. मान खाली घालून घरी आले. नवरा की भाऊ, कुणाची जास्त लाज वाटली सांगता येत नाही.

२ नोव्हेंबर, मंगळवार

होडी. मासा नाही.

८ नोव्हेंबर

काल मतदान झालं. कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत. नोमिकोस पुढे, थेमेलिस थोडा मागे, अर्गिरो बरीच मागे. पण आमच्या पॅनेलला नगरपालिकेत जागा मिळतायत आणि माझ्या नावापुढे दोन्ही गावांतल्या लोकांनी पसंतीच्या फुल्या केल्यात. माझे विद्यार्थी, दुसरं काय. म्हणजे मी नगरसेविका. नवऱ्याच्याही विरोधात, भावाच्याही.

पुढच्या रविवारी दोघांत पुन्हा मतदान. आता आमची मतं ज्याच्याकडे वळतील तो येणार. सकाळपासून माणसं येतायत — बाई, तुम्ही सांगाल तसं.

मी काय सांगणार?

९ नोव्हेंबर, मंगळवार

थेमेलिस होडीवर गेला आणि रक्तदाबाची गोळी टेबलावरच. मनात म्हटलं, बरं निमित्त मिळालं. काय असेल ते एकदा डोळ्यांनी पाहू. आयामारिनाच्या खाडीकडे शेळ्यांची वाट उतरते, तिनं निघाले. गुडघे दुखत होते. चालताना तिला काय बोलायचं तेही ठरवत होते. 'तिला' — म्हणजे कुणाला ते माहीत नव्हतं, पण वाक्यं तयार होती.

खाली चॅपेलच्या भिंतीच्या आडोशाला दोन होड्या ओढून ठेवलेल्या. दगडावर भाजलेला ऑक्टोपस, ऊझोची बाटली. आणि माझा नवरा माझ्या भावाच्या खांद्यावर हात टाकून हसत बसलेला.

"गाढवांचं ठरलं नव्हतं," नोमिकोस म्हणत होता, "गाढवं तू आयत्या वेळी घुसडलीस."

मग त्यांनी मला पाहिलं.

कुणी उठलं नाही. नोमिकोसनं ग्लास दगडामागे लपवला. पन्नाशी उलटलेला माणूस!

थेमेलिसनं सांगितलं सगळं. उन्हाळ्यातच ठरलंय. नोमिकोस जिंकणार. बदल्यात वरचा दवाखाना, वरची शाळा, दाखले देणारी खिडकी, काहीही खाली जाणार नाही. पण थेमेलिस न लढता बसला तर वरचं गाव म्हणेल, यानं आपल्याला विकलं. म्हणून लढायचं. जोरात. आणि हरायचं.

"आणि नोमिकोसनं फुकट कबूल केलं असतं तर?"

"तर खाली मला जगू दिलं असतं का, ताई? वरच्यांना सगळं ठेवतोय म्हणून? आता भांडून द्यावं लागलं असं म्हणता येईल."

"मला का नाही सांगितलंत?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नोमिकोस म्हणाला, "तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. तू खरंच रडवेली झालीस म्हणून लोकांना पटलं."

गोळी दगडावर ठेवली आणि वर आले.

दुसरी बाई नव्हती याचा आनंद व्हायला हवा ना?

१२ नोव्हेंबर

दोन दिवस थेमेलिसशी बोलले नाही. आज आईकडे गेले. नोमिकोस घरी नव्हता, बरं झालं. आई ओसरीत बसून डाळिंबाचे दाणे काढत होती. हात आता थरथरतात, पण एक दाणा खाली पडत नाही.

सगळं सांगितलं. वाटलं, धक्का बसेल. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"पुन्हा तेच का?"

"पुन्हा म्हणजे?"

"तुझे बाबा आणि तुझे सासरे. ग्रीस आला तेव्हा. दोघं आमच्याच स्वयंपाकघरात बसले होते. एक गाव म्हणून मागितलं तर अथेन्स एक शाळा देईल, एक डॉक्टर देईल. दोन गावं म्हणून मागितलं तर दोन. पण दोन गावं का, असं विचारलं तर कारण हवं ना. मग म्हणाले, भांडण दाखवू. मी कॉफी दिली होती त्यांना."

पाणी, मूर्ती, शेळी — सगळं दाखवायचं?

"शेळी खरी होती," आई म्हणाली. "शेळी नंतर झाली."

"आई, मग माझं लग्न? बाबांना माहीत होतं ना की भांडण खोटं आहे? मग वर का नाही आले?"

ती दाणे काढत राहिली.

"मी विचारलं होतं गं पोरी. त्या सकाळी. कोट घालून तयार होते. दारापर्यंत आले. बाहेर बंदरातली माणसं बसली होती, बघत. परत आत येऊन कोट काढला. मी म्हटलं, अहो, हे खरं की खोटं? ते मागच्या दारानं जाळी विणायला गेले."

आईनं बशी माझ्याकडे सरकवली. डाळिंब गोड होतं. बशी परत सरकवली.

बाबांवर रागावावं तर ते नाहीत. सासरेही नाहीत. राहिले कोण? हे दोघं.

१४ नोव्हेंबर, रविवार

मत देऊन आले. पडद्याआड दोन्ही कागद हातात घेऊन उभी होते. बाहेरून कुणीतरी खाकरलं.

थेमेलिसला दिलं. प्रेमानं नाही. त्याला हरायचं होतं म्हणून.

अर्गिरोनं वाटेत विचारलं, "बाई, आमच्या लोकांना काय सांगू?" म्हटलं, मी थेमेलिसला दिलं. एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "आम्हालाही तोच बरा वाटतो. खरं बोलतो."

१५ नोव्हेंबर

थेमेलिस निवडून आला. अगदी काठावर.

वरच्या गावानं घंटा बडवल्या. त्याला खांद्यावर घेऊन चौकात नाचवलं. खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता. चेहरा पांढराफटक. लोकांना वाटलं, गहिवरून आलंय.

नोमिकोसला तीनदा फोन लावला त्यानं. उचलला नाही.

"तू कुणाला दिलंस?" संध्याकाळी मला विचारलं.

"तुला."

"का?"

"बायको आहे तुझी."

बोलून मला बरं वाटलं नाही.

१८ नोव्हेंबर

नोमिकोस फार्मसीत गाठून बोलला. अर्गिरो आत गोळ्या मोजत होती, म्हणून हळू आवाजात. "तुझ्या नवऱ्यानं मला फसवलं. गटार होणार नाही म्हणे! साधेपणाचं सोंग! मतं कशी खेचायची ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं."

"त्यानं नाही फसवलं. मी मत दिलं. माझ्या सांगण्यावरून—"

"तू त्याला वाचवतेयस."

"खरं बोलतेय रे. माझ्या चेहऱ्यावर दिसतं ना सगळं?"

माझ्याकडे नीट पाहिलं त्यानं. "आता दिसत नाही," म्हणाला.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

थेमेलिस होडी घेऊन खाडीवर गेला. लवकर परत आला. मासे घेऊन.

एकटा माणूस बसून दुसरं काय करणार.

५ डिसेंबर

थेमेलिसनं निरोप पाठवला, ठरलं तेच करू, फक्त उलटं. कचेरी खाली राहू दे, बंदराचं काहीही हलणार नाही. नोमिकोसनं उलट निरोप दिला, तुमची भीक नको. हा निरोप भर धक्क्यावर दिला म्हणे, सगळ्यांसमोर.

आता वरची माणसं म्हणतात, भीक म्हणतोय का? मग आणा कचेरी वर. थेमेलिस सभेत म्हणाला, विचार करू. घरी येऊन मला म्हणाला, "म्हणावं लागतं." दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच वरच्या जुन्या शाळेच्या खोल्या मोजून घेतल्या.

"हेही म्हणावं लागतं का?" मी विचारलं.

त्यानं मोजपट्टी खिशात घातली.

१९ डिसेंबर

बंदरात अर्ज फिरतोय — आम्हाला वेगळी नगरपालिका परत द्या. नोमिकोस दारोदार हिंडतोय. पहिली सही आईची आहे.

फोन करून विचारलं, आई, तू? तुला तर सगळं माहीत.

"माझा मुलगा सही मागायला आला," ती म्हणाली. "काय करू?"

६ जानेवारी २०११

आज बंदरावर पाण्याला आशीर्वाद. पाद्रीबाबांनी क्रॉस समुद्रात टाकला, पोरांनी उड्या घेतल्या. थेमेलिस एका धक्क्यावर, नोमिकोस समोरच्या. मधल्या पाण्याकडे दोघं बघत होते. एकदाही नजर वर केली नाही. नोमिकोसची माणसं ओरडत होती, आपली माणसं ओरडत होती. 'आपली' — मी लिहिलं हे आत्ता.

वर चढताना वळणावर थांबले. दम लागला होता. म्हटलं, थेमेलिस, खरं सांग. हे खरं चाललंय की ठरवून?

त्यानं खाली बंदराकडे पाहिलं.

"मीच तुला विचारणार होतो," म्हणाला.